चाळकेवाडी ते म्हसवड : थंड कॅमेऱ्याच्या तीन रात्री

या दिवाळीत मी एक कॅमेरा घेतला, पण तो कॅमेरा आहे हे घरात कोणालाच पटेना. त्याला पडदा नाही, बटण नाही, डोळा लावायची खिडकी नाही. लाल रंगाचा, मुठीत मावेल असा धातूचा डबा आणि मागे एक पंखा. "मिक्सरची मोटार वाटते," असे आईने म्हटले, आणि पंखा सुरू झाल्यावर आवाजही काहीसा तसाच आला. झेडडब्ल्यूओचा एएसआय ५३३ एमसी प्रो हा तो कॅमेरा, एका हौशी माणसाने वापरलेला आणि त्यामुळे मला परवडलेला. त्यातला सेन्सर चौरस असतो, ३००८ बाय ३००८ पिक्सेलचा, आणि त्याच्या पाठीशी एक पेल्तिए पट्टी बसवलेली असते. पट्टीतून वीज वाहू लागली की तिची एक बाजू थंड होते आणि दुसरी तापते. थंड बाजू सेन्सरला टेकलेली असते आणि तापलेल्या बाजूची उष्णता पंखा बाहेर फेकतो.

हा खटाटोप कशासाठी, ते सांगायला हवे. अंधुक तेजोमेघाचा प्रकाश गोळा करायला कॅमेरा कित्येक मिनिटे उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात सेन्सरच्या स्वतःच्या उष्णतेनेही पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉन साठतात. ते ताऱ्याकडून आलेले नसतात, तरी चित्रात जमा होतातच. सेन्सर साधारण सहा अंशांनी थंड केला की ही खोटी जमा निम्मी होते. वीस अंशांवरून उणे दहावर आणले तर पाच वेळा निम्मी, म्हणजे बत्तिसावा हिस्सा. सांगलीत पंचवीस वर्षे हिशेबनिसाचे काम केलेल्या बाईला हे गणित आवडावे यात नवल नाही. नवल इतकेच, की गच्चीवर दीड महिना उणे दहा अंशांवर काढलेली माझी सगळी चित्रे वाईट आली. साताऱ्यातले एक निवृत्त विज्ञानशिक्षक या छंदात फार जुने आहेत. त्यांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "शहराच्या उजेडाचा दोष तुम्ही उष्णतेच्या खात्यात लिहिताय. अमावास्येला या, खाती वेगळी करू."

गुरुवार, १८ डिसेंबर : चाळकेवाडी

सांगलीहून सकाळी निघालो. गाडी चालवायला इंजिनिअरिंगला असलेला भाचा होता. कराडमार्गे साताऱ्यात पोहोचून सरांना घेतले आणि सज्जनगडाच्या अंगाने ठोसेघर, तिथून वर चाळकेवाडी. ही जागा मी निवडली होती. पठार हजार मीटरहून उंच, वस्ती विरळ, तेव्हा आकाश काळेभोर असणार असा माझा सरळ हिशेब होता. सर वाटेत काही बोलले नाहीत, फक्त एकदा पवनचक्क्यांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहून घेतले.

मार्गशीर्षातला तो शेवटचा गुरुवार होता. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या घरी महालक्ष्मीच्या व्रताचे उद्यापन होते, त्यामुळे सामान उतरवण्याआधी मला पाटावर बसवून हळदीकुंकू झाले आणि हातात एक केळे आणि व्रताची पोथी आली. पुरणपोळी आणि कटाची आमटी मात्र आरती झाल्यावर, म्हणजे नेमकी आमची मांडणी करायच्या वेळी. सरांनी मांडणी आधी उरकायला लावली.

मांडणीतच पहिला धडा मिळाला. दुर्बिणीचे आसन पृथ्वीच्या अक्षाला समांतर करावे लागते, आणि त्यासाठी आसनाचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो. सातारा परिसराचा अक्षांश १७.७ अंशांच्या आसपास, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम तेवढाच वर. इंटरनेटवरचे बहुतेक धडे चाळीस-पन्नास अंशांवर राहणाऱ्या माणसांनी केलेले असतात. त्यांचा ध्रुव डोक्याच्या अर्ध्या वाटेवर असतो आणि आपला झाडामागे लपतो. शिवाय इतक्या कमी अक्षांशावर आसन जवळजवळ आडवे झोपते, त्यामुळे तोल सांभाळणारा वजनाचा दांडा खाली येऊन तिपाईच्या उत्तरेकडच्या पायाला घासू लागला. गच्चीवर मी दर वेळी वजन थोडे वर सरकवून वेळ मारून नेत असे, आणि मग तोल बिघडला म्हणून कुरकुरत असे. सरांनी तिपाईच फिरवली, उत्तरेला पायाऐवजी दोन पायांमधली मोकळी जागा आणली, आणि माझी दीड महिन्याची तक्रार दोन मिनिटांत मिटली. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूवर नसून त्यापासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक सरकलेला आहे, म्हणून ताऱ्यावर नेम धरून भागत नाही. निना नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने आकाशाच्या तीन जागांचे फोटो घेऊन ती चूक मोजून दिली आणि आम्ही बोल्ट फिरवत ती कमी केली.

आठ वाजता हवा चौदा अंशांवर होती. कॅमेरा उणे दहावर यायला पाच-सहा मिनिटे लागली आणि त्यासाठी पेल्तिएची निम्मीसुद्धा ताकद लागली नाही. इथे नव्या माणसासाठी एक सूचना. असे कॅमेरे बाहेरच्या हवेपेक्षा पस्तीसेक अंश खाली जाऊ शकतात, पण मे महिन्यात रात्री अठ्ठावीस अंश असताना उणे दहाचा हट्ट धरला तर पट्टी पूर्ण ताकदीवर चालूनही तापमान डळमळत राहते. वर्षभर टिकेल असा एक आकडा हिवाळ्याला आणि एक उन्हाळ्याला ठरवावा आणि त्याला चिकटून राहावे. आकडा किती खाली आहे यापेक्षा तो स्थिर आहे की नाही, याला महत्त्व अधिक.

मग वारा सुटला. पवनचक्क्या जिथे उभारतात तिथे वारा असतो, ही गोष्ट मला आधी सुचायला हवी होती. दुर्बिणीच्या पाठीवर एक लहान दुर्बीण असते; तिचा कॅमेरा एकाच ताऱ्यावर नजर ठेवून दर दोन सेकंदांनी आसनाला हलकेच सावरत असतो, आणि त्या सावरण्याचा आलेख लॅपटॉपवर उमटतो. शांत रात्री तो जवळजवळ सरळ रेघेसारखा जातो. आमचा आलेख पाहून सर म्हणाले, की कोयनेच्या भूकंपाची आठवण झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते पाटण तालुक्यातल्या आपल्या गावी होते, नऊ वर्षांचे, आणि अंगणात काढून ठेवलेल्या हंड्या-कळशा आपोआप वाजू लागल्याचे त्यांनी इतके साधेपणाने सांगितले की भाच्याने लॅपटॉपवरचे लक्ष काढून घेतले. सभोवती चक्क्यांच्या माथ्यावरचे तांबडे दिवे लुकलुकत होते. चित्रात त्यांचा त्रास फारसा झाला नाही, पण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना झाला.

दोन-दोन मिनिटांच्या चाळीस फ्रेम घेतल्या आणि त्यातल्या नऊ ठेवल्या. बाकीच्यांत तारे लांबुडके होते. पण इथे सरांनी जे शिकवले ते पुढे दोन्ही रात्री उपयोगी पडले : फ्रेमचा मध्य पाहायचा आणि मग चारही कोपरे. सगळीकडचे तारे एकाच दिशेने ताणलेले असतील तर दोष वाऱ्याचा किंवा आसनाचा. मध्य ठीक आणि कोपरेच ताणलेले असतील तर कॅमेरा आणि भिंग यांतले अंतर चुकलेले किंवा कॅमेरा तिरका बसलेला. मी आजवर दोन्हींना 'तारे नीट आले नाहीत' या एकाच नावाने ओळखत होते.

तीन वाजता मी झाकण लावून 'डार्क' घ्यायला बसले. डार्क म्हणजे झाकण लावून, त्याच तापमानाला आणि तेवढ्याच वेळाच्या घेतलेल्या काळ्या फ्रेम. उष्णतेने साठलेली खोटी जमा त्यात स्वतंत्र दिसते आणि मूळ चित्रातून वजा करता येते. सर अंथरुणातून म्हणाले, "ते घरी करा की. भर दुपारी, कपाटात ठेवून." साध्या कॅमेऱ्याचे तापमान हवेबरोबर बदलते, म्हणून त्याचे डार्क त्याच रात्री, त्याच जागी घ्यावे लागतात. थंड कॅमेरा डिसेंबरात माळावर आणि जुलैत सांगलीच्या कपाटात एकाच आकड्यावर उभा राहतो. मी पैसे मोजले होते ते प्रामुख्याने या सोयीसाठी, आणि दीड महिना ती सोयच वापरली नव्हती.

शुक्रवार, १९ डिसेंबर : म्हसवडच्या वाटेवर आणि तलावाकाठी

चाळकेवाडीला दोन रात्री राहायचा बेत मोडून सरांनी आम्हाला पूर्वेला वळवले. त्यांचा एक जुना विद्यार्थी माण तालुक्यात डाळिंबाची बाग करतो. साताऱ्यात कंदी पेढे घेतले, कोरेगाव मागे टाकले, वर्धनगडाचा घाट चढून उतरलो, आणि पुसेगावपासून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा हिरवा रंग हळूहळू निघून गेला. दहिवडीनंतर तर नुसता माळ. सह्याद्रीने अडवलेल्या पावसाचे उरलेसुरले या तालुक्याच्या वाट्याला येते, आणि ज्या कारणाने इथला शेतकरी आभाळाकडे हताशपणे पाहतो त्याच कारणाने आमच्यासारखे हौशी आनंदाने पाहतात. ही गोष्ट मला तीन दिवस थोडी टोचत राहिली.

म्हसवडला सिद्धनाथाचे दर्शन घेऊन वस्तीवर पोहोचलो. जेवायला बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे, खर्डा आणि दही. यजमानांच्या आई, ज्यांना सगळी वस्ती आजी म्हणते, त्यांनी मला विचारले, "दिसतंय ते डोळ्यांनी दिसतंयच की. मग फोटू कशापायी?" मी सांगितले की जे डोळ्यांनी दिसत नाही त्याचा काढायचा आहे. "आन् न्हाई दिसलं तर?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

जागा निवडायचे काम पुन्हा माझ्याकडे आले आणि मी पुन्हा चुकले. ब्रिटिश काळात बांधलेला राजेवाडीचा तलाव तिथून जवळ आहे. त्याच्या काठाजवळ जमीन सपाट, क्षितिज चारही बाजूंनी मोकळे, वारा नाही. आलेख सरळ रेघेसारखा धावू लागला आणि मी मनातल्या मनात चाळकेवाडीला नावे ठेवली. मृग नक्षत्रातला मोठा तेजोमेघ, एम ४२, सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरचा, पहिल्याच फ्रेममध्ये पंख पसरून आला. त्याचा गाभा इतका तेजस्वी असतो की तीन मिनिटांत तो पांढरा फटक होतो. म्हणून दहा-दहा सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम घेऊन नंतर त्या गाभ्यावर बसवायच्या असतात. तेवढे आम्ही व्यवस्थित केले.

साडेदहापासून चित्र फिके पडू लागले. ताऱ्यांभोवती दुधाळ वलये आली, त्यांची संख्या प्रत्येक फ्रेमला घटू लागली. माझी छाती धडधडली, कारण थंड कॅमेऱ्याबद्दल सर्वांत जास्त भीती घातलेली असते ती आत बर्फ धरण्याची. सेन्सरच्या कुपीत ओल शिरली आणि तिथली आर्द्रता शोषणारी गोळी निकामी झाली असेल तर उणे दहाला सेन्सरवर कण गोठतात. मी कॅमेरा बंद करायला धावले. सरांनी हात धरला नाही, पण तांबडी बॅटरी काढून दुर्बिणीच्या तोंडाशी धरली. पुढच्या भिंगावर दवाचा जाड थर होता. निरभ्र रात्री भिंग आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि आसपासच्या हवेपेक्षाही थंड होते. मग तलावाची ओल त्याच्यावर बसणारच. आतला बर्फ फ्रेमच्या ठरावीक भागात डागासारखा दिसतो आणि भिंग पुसल्याने जात नाही, दव मात्र सगळ्या चित्रावर सारखे पसरते. भिंग पुसायचे नाही हेही सरांनी तेव्हाच सांगितले, कारण ओल्या भिंगावर कापड फिरवले की धुळीचे ओरखडे उमटतात. ते ऊब देऊन सुकवायचे.

दव रोखायची विजेची पट्टी आमच्याजवळ होती. ती ज्या पॉवर बँकवर चालते ती सांगलीत चार्जिंगला लावलेली होती आणि अजूनही तिथेच होती.

वस्तीवरून कंदील घेऊन आलेल्या यजमानांनी घरी जाऊन हे आईला सांगितले असावे, कारण अर्ध्या तासाने ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात फडक्यात बांधलेल्या दोन पुरचुंड्या होत्या, आत तव्यावर भाजलेले खडे मीठ. गुडघे शेकायला आजी जे वापरतात तेच. पुरचुंड्या भिंगाच्या बाहेरच्या नळीला दोऱ्याने बांधल्या आणि दहा मिनिटांत भिंग स्वच्छ झाले. पण नळी तापली तसा फोकस सरकला, तारे पुन्हा फुगले आणि मी पुन्हा बर्फाचे नाव घेतले. भाच्याने बाख्तिनोव्ह जाळी लावली. रशियन हौशी छायाचित्रकार पावेल बाख्तिनोव्ह यांनी २००५ मध्ये शोधलेले हे तिरक्या फटींचे साधे झाकण असते. तेजस्वी ताऱ्याला तीन किरण फुटतात आणि मधला किरण बरोबर मध्यावर आला की फोकस जुळला. आमचा मधला किरण पार एका बाजूला पळाला होता. तो जुळवला, चाळीसेक मिनिटे बरी गेली, मीठ थंड झाले, दव परतले. दोन वाजता आम्ही आवरले.

शनिवार, २० डिसेंबर : माळावर

सकाळी लिंबाखाली खाट टाकून सरांनी हिशेब तपासायला घेतला. डार्क घरी घेता येतात, पण 'फ्लॅट' मात्र जागेवरच घ्यावे लागतात. फ्लॅट म्हणजे दुर्बिणीच्या तोंडावर पांढरे कापड ताणून, उजळ आकाशाकडे रोखून घेतलेल्या सारख्या प्रकाशाच्या फ्रेम. कोपऱ्यांतला काळोख आणि धुळीच्या कणांची गोल छाया त्यात उतरते आणि मूळ चित्रातून भागून काढता येते. अट एकच : रात्री कॅमेरा ज्या कोनात आणि ज्या फोकसला होता त्याला धक्का लागता कामा नये. भाच्याने पहाटे आपणहून, मोठ्या जबाबदारीने, कॅमेरा काढून पेटीत ठेवला होता. "मावशी, ओल लागू नये म्हणून," असे तो म्हणाला. शुक्रवारच्या चित्रांतल्या धुळीच्या कड्या त्यामुळे आजही तशाच आहेत.

दुपारी म्हसवडच्या एका मोबाइलच्या दुकानातून नवी पॉवर बँक आणली. विजेचा हिशेबही इथेच देते. कॅमेरा, आसन आणि लहान कॅमेरा मिळून आम्हाला बारा व्होल्टवर तीन ते चार अँपिअर लागले, म्हणजे आठ तासांच्या रात्रीला तीस अँपिअर-तासांच्या आसपास. लिथियम आयर्न फॉस्फेटची पन्नासची बॅटरी त्याला पुरते. गाडीची बॅटरी वापरायचा मोह टाळावा. ती निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, आणि सकाळी गाडीही सुरू होत नाही.

या वेळी जागा सरांनी निवडली : तलावापासून दूर, वस्तीच्या वरच्या अंगाचा कोरडा माळ. इथली बरीच धनगर मंडळी मेंढरे घेऊन दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात, त्यामुळे माळ रिकामा होता. जेवून आजीही थोडा वेळ वर आल्या. त्यांना मृग, व्याध आणि कृत्तिका ओळखता येत होत्याच. पुनर्वसूजवळ नवीन कोण आलाय असे विचारून त्यांनी गुरूकडे बोट दाखवले. उत्तरेला सप्तर्षी मात्र अजून उगवायचे होते. "म्हातारीची बाज," त्या म्हणाल्या. "अकरापतोर बाज येईल वर. चोर मागनं येत्यात, येकेक." चौकोन म्हणजे बाज आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती ओढून नेणारे चोर, ही गोष्ट मी लहानपणी ऐकली होती; पण चोर एकामागून एक उगवतात हे मी कधी पाहिले नव्हते. त्या रात्री पाहिले. अकराच्या सुमारास बाज पुरती वर आली, मग अंतराअंतराने एकेक चोर क्षितिजावरच्या धुरकटपणातून सुटत गेला, आणि तिसरा नीट दिसायला पावणेदोन वाजले. दक्षिणेला अगस्ती तेव्हा आपल्या सर्वोच्च जागेवरून नुकताच ढळला होता. ती जागा इथे विसाव्या अंशाच्याही जराशी खाली असते, त्यामुळे उत्तरेचा ध्रुव आणि दक्षिणेचा अगस्ती जवळपास सारख्याच उंचीवर समोरासमोर उभे होते.

आमचे लक्ष्य होते मृगाच्या पोटातल्या बाणाजवळचा अश्वशीर्ष मेघ. तांबड्या हायड्रोजनच्या पडद्यासमोर धुळीचा काळा ढग घोड्याच्या मानेसारखा उभा असतो. तो माणसाने प्रथम पाहिला तोच फोटोत : १८८८ मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेतल्या काचेच्या प्लेटवर विल्यमिना फ्लेमिंग यांनी. त्या आधी वेधशाळेच्या संचालकांच्या घरी मोलकरीण होत्या आणि नंतर वेधशाळेत आकडेमोडीच्या कामावर आल्या. हिशेबाच्या बाईला सापडलेला घोडा म्हणून मला त्याच्याबद्दल आपुलकी आहे. मागचा तांबडा रंग ६५६.३ नॅनोमीटरचा, साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे जी गाळणी असते ती हा रंग बराचसा अडवते, आणि खगोलाच्या कॅमेऱ्यात ती बसवलेलीच नसते. म्हणून तोच घोडा माझ्या जुन्या कॅमेऱ्यात करड्या धुरासारखा येई आणि इथे पहिल्याच तीन मिनिटांत लालसर भिंतीसमोर मान वर करून उभा राहिला. ३६० मिलिमीटर फोकल लांबीच्या दुर्बिणीत पावणेदोन अंशांचे आकाश मावते, त्यात घोडा, शेजारचा ज्वाला मेघ आणि बाणाचा एक तारा अगदी ऐसपैस बसले.

गेन, म्हणजे सेन्सरचा सिग्नल वाढवण्याचे प्रमाण, १००; उणे दहा अंश, तीन मिनिटांची एक फ्रेम. नऊ वाजल्यापासून कामाला लय आली. सव्वाबाराच्या पुढे घोड्याने मध्यमंडळ, म्हणजे आकाशाची उत्तर-दक्षिण मधली रेघ, ओलांडले आणि ठरल्याप्रमाणे आसनाने दुर्बीण या कुशीवरून त्या कुशीवर वळवली. सगळे सुरळीत झाले असे वाटून आम्ही चहा घेत बसलो. चार फ्रेमनंतर मला काही तरी खटकले. चित्र वाईट नव्हते, पण त्यात बारीक तांबडे-निळे ठिपके वाढत होते. प्रत्येक फ्रेमच्या नोंदीत सेन्सरचे तापमान लिहिलेले असते. ते मी ओळीने वाचले : उणे दहा, उणे दोन, अधिक सहा, अधिक अकरा. वळताना ताणून बारा व्होल्टची पिन निसटली होती. चित्राची वायर वेगळी असल्याने कॅमेरा निमूटपणे काम करत राहिला होता, फक्त थंड व्हायचा थांबला होता. सरांनी पाठ थोपटली नाही, "नोंदी वाचता हे बरं करता" एवढेच म्हणाले, आणि मला ते पुष्कळ वाटले. त्या चार फ्रेमना जुळणारा डार्क कुठेच नाही, म्हणून त्या टाकल्या. वायरींना वळणापुरती ढील सोडून त्या एकत्र बांधाव्यात आणि दिवसाउजेडी एकदा आसन पूर्ण फिरवून पाहावे, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

एकच्या सुमारास खालच्या शेतात लख्ख दिवा पेटला. शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती आणि शेजारचा शेतकरी बागेला पाणी सोडायला आला होता. दिव्याचा झोत नेमका आमच्या अंगावर. भाचा विनंती करायला खाली गेला तेव्हा मला ओशाळल्यासारखे झाले, कारण तो माणूस थंडीत कामासाठी जागा होता आणि आम्ही हौसेसाठी. त्याने काही न विचारता दिवा मालवला, मोबाइलची बॅटरी जमिनीकडे धरून बाऱ्या धरल्या, आणि अर्ध्या तासाने स्वतःच वर आला. लॅपटॉपवरचा घोडा त्याने बराच वेळ पाहिला.

"पाऊस कवा हाय ते कळतं का ह्यात?"

"नाही," सर म्हणाले.

"मग असू द्या," असे हसून तो लगबगीने उतरला, कारण पुढच्या सरीचे पाणी फुटायच्या बेतात होते.

रविवार, २१ डिसेंबर आणि नंतर

सकाळी कॅमेऱ्याला हात न लावता फ्लॅट घेतले, हुरड्यासाठी जानेवारीत परत या असे निमंत्रण घेतले आणि निघालो. परतीत काही घडले नाही. सरांना साताऱ्यात सोडून संध्याकाळी सांगलीत होतो.

पुढचा आठवडा फ्रेम एकावर एक रचून एक चित्र करणाऱ्या सिरिल या मोफत सॉफ्टवेअरपुढे गेला. तीन-तीन मिनिटांच्या ८४ फ्रेम टिकल्या, म्हणजे चार तास बारा मिनिटांचा प्रकाश. फ्रेम चौपट केल्या की उरलेली खरखर निम्मी होते, या हिशेबाने आणखी सुधारणा हवी असेल तर अशा तीन रात्री तरी अजून लागतील. कपाटात घेतलेले डार्क वजा केले, माळावरचे फ्लॅट भागले. मग कुतूहल म्हणून डार्क न लावताही तेच चित्र एकदा केले. फरक होता, पण गच्चीवरच्या आणि माळावरच्या चित्रांत जो फरक होता त्याच्यापुढे अगदीच किरकोळ. सरांना हे कळवले तेव्हा त्यांनी फक्त एक अंगठ्याचे चिन्ह पाठवले.

आजींनी निघताना बाजेचा फोटो मागितला होता. माझ्या कॅमेऱ्यात पावणेदोन अंश मावतात आणि ती बाज चोरांसकट पंचवीस अंशांची, तेव्हा तिच्यापुढे त्या सगळ्या थंड यंत्रणेचा काहीच उपयोग नव्हता. भाच्याने मात्र शनिवारी रात्री दोननंतर आपला मोबाइल दगडाला टेकवून तीस सेकंदांचा एक फोटो काढून ठेवला होता. त्यात चारही खूर, तिन्ही चोर आणि मधल्या चोराला चिकटलेली अरुंधतीही आली होती. त्याची मोठी प्रत काढून आम्ही घोड्याच्या चित्राबरोबर म्हसवडला पाठवली.

चार दिवसांनी यजमानांचा फोन आला. घोड्याचे चित्र त्यांनी बैठकीत लावले आहे. बाजेचा फोटो आजींनी स्वतःच्या खाटेशी ठेवला आहे, पण त्यांची एक तक्रार आहे : बाज भिंतीला टेकवल्यासारखी उभी का दिसते? ती डोक्यावर आल्यावर, आडवी असताना, पुन्हा काढून द्या म्हणतात.

एप्रिलच्या अमावास्येला जायचे ठरले आहे. मोबाइल आणि एक बरी तिपाई आठवणीने न्यायची आहे.